शर्टाच्या गाण्याचं शेवटचं कडवं

अण्णा, काल देवनहळ्ळीला जाऊन त्या भोपळेवाल्याचं गाणं ऐकून आले. गिटारला तुम्ही भोपळा म्हणायचात आणि ती वाजवणाऱ्याला भोपळेवाला, हे मी अजून विसरलेले नाही. ते आता फार थकलेत. दोघांनी धरून खुर्चीवर बसवलं, मग भोपळा मांडीवर ठेवला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की वयानं मीच आता तुमच्याहून मोठी झाले आहे. तरी बापाला लिहायला बसले की पदर सावरून बसते. हे अक्षरही तुमचंच. शाळा माझी कन्नडची, ती पण दहावीच्या आधीच सुटली. मराठी लिहायला तुम्ही शिकवलंत, दुकानातल्या काळ्या कापडाच्या तुकड्यावर, मापाच्या खडूनं. चुकलं की कापड झटकायचं, अक्षर उडून जायचं. पुढं मिळेल तो कागद वाचत गेले, बाकीचं आपोआप आलं.

ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तो दिवस सांगते, कारण तुम्ही तेव्हा खाली दुकानात होता. बसवनगुडीचं आपलं घर, खाली शिलाईचं दुकान, वर आईचं स्वयंपाकघर. आई भाकरी थापतेय, मी ताटं मांडतेय, आणि खिडकीतून शेजारच्या अक्कांचा रेडिओ ऐकू येतोय. कन्नड गाणं, एकट्या माणसाचं, मागं फक्त गिटार. लोक चंद्रावर लिहितात, नदीवर लिहितात. ह्या माणसानं थोरल्या भावाच्या शर्टावर लिहिलं होतं. शर्ट थोरल्याला आखूड होतो, मधल्याकडं जातो, मधल्याकडून धाकट्याकडं. एवढंच. आमटीची वाटी हातात धरून मी खिडकीशी उभी राहिले ती राहिलेच. आई म्हणाली, "अगं, ती वाटी गाणार आहे का आता? ठेव खाली." तेरा-चौदाची असेन. तोवर मला वाटायचं की गाणी आधीपासून असतातच, देवळातल्या घंटेसारखी. कोणीतरी बसून ती लिहितं, तोच चाल लावतो, आणि तोच आपल्या साध्या, जरा घोगऱ्या गळ्यानं म्हणतो, हे त्या दिवशी कळलं. आणि तो आपल्यासारख्या घरातल्या शर्टावरही लिहितो!

मग मी पुरती खुळावले. दर शुक्रवारी संध्याकाळी रेडिओवर ह्या गाणाऱ्यांचा कार्यक्रम लागायचा, तेव्हा अक्कांच्या खिडकीखाली जाऊन उभी. त्यांची सगळी गाणी पाठ. मासिकातला त्यांचा फोटो कापून पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला होता. आईला तो सापडला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पिठाला राखणदार ठेवलास होय? बरं झालं, पोरकिडे येणार नाहीत." तिचं तसंच होतं, हसून सोडून द्यायची. तुमचं तसं नव्हतं.

तुम्ही आपल्या लोकांच्या विठ्ठलमंदिरातल्या गुरुवारच्या भजनाचे बुवा. मागच्या रांगेत बसून तुमची ओळ उचलायचं काम माझं, कारण माझा गळा मोठा. तुमचा नियम पक्का होता. "सुई पडली की वाकून उचलतो का नाही? तशी ओळ पडली की उचलायची. कोणाच्या हातून पडली हे विचारायचं नाही." तुमचा श्वास कमी पडला, ठसका लागला, कधी शब्द हरवला, तरी मागून आम्ही अशी उचलायचो की देवळाबाहेरच्या माणसाला सांधा कळू नये. रफूसारखं. आता तीच मुलगी टाळ हातात घेऊन कन्नड शर्टाचं गाणं गुणगुणायला लागली, तर तुम्हाला लागणारच. बाहेर सगळीकडं कन्नड, आपली मराठी राहिली ती चुलीपाशी आणि भजनात. मागची रांगही पातळ होत चाललेली. हे आज समजतं. तेव्हा फक्त टोमणे ऐकू यायचे. "घरात देवाचं नाव, आणि हिच्या तोंडात शर्ट. शर्टांचा काय दुष्काळ पडलाय आपल्याकडं?"

एकदा बटणं लावायला मी दुकानात बसले होते, तेव्हा हिय्या करून म्हटलं, "अण्णा, एकदा नीट ऐका तरी." तुम्ही हो-नाही काही बोलला नाहीत, म्हणून मी सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला तुम्ही मशीन थांबवलंत. मला वाटलं, आवडलं.

"थांब. शर्ट थोरल्याचा मधल्याकडं गेला. सरी, ठीक. मधे कॉलर कोणी उलटली?"

"काय?"

"कॉलर गं. शर्टाचं आधी काय जातं? मानेवर घासून कॉलर जाते. ती उसवून, उलटी करून परत लावल्याशिवाय शर्ट पुढं कसा जाईल? विचार तुझ्या भोपळेवाल्याला."

"अण्णा, पुढं ऐका की. शेवटच्या कडव्यात तर..."

"पुढचं पुढं. आधी कॉलर."

आणि पायडल सुरू. मला रडू आलं. कारण शेवटचं कडवं तुम्हाला आवडलं असतं, त्याबद्दल माझी खात्री होती. त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला: हे गाणं एकदा तरी तुम्ही शेवटपर्यंत ऐकावं. नावाजू नका, नुसतं ऐका. ज्या माणसानं मला सूर दिला त्यानं माझा सूर कुठं जाऊन बसलाय ते बघावं, एवढंच मागणं होतं.

रामनवमीच्या सुमाराला शाळेच्या मैदानात मांडव उभा राहिला आणि भोपळेवाले गायला येणार असं कळलं. मुलीला एकटी कोण पाठवणार? आई म्हणाली, "तुम्हीच घेऊन जा. नाहीतर ही खिडकीतून उडी मारेल." तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून आलात. कडेच्या खुर्चीवर बसलात, मांडीवर हात, अंगठ्याला कात्रीचा घट्टा. दोन गाणी तुम्ही समोर मांडवाच्या कापडाची शिलाई बघण्यात काढलीत. मग शर्टाचं गाणं आलं. मी तुमच्याकडं बघतेय, त्यांच्याकडं बघतेय. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या तोंडाशी त्यांचा शब्द हरवला. गिटार एक फेरा फिरली, दुसरा फिरली, शब्द येईना.

आणि मी ओळ उचलली. पूर्ण गळ्यानं, देवळात उचलायचे तशी. विचार केलाच नाही हो, हात आपोआप सुईकडं जातो तसं झालं. सगळा मांडव मागं वळला. कोणीतरी ओरडलं, "ए, सुम्ने कूतको!" म्हणजे गप्प बस. तिकडं मंचावर ते हसले आणि माइकमध्ये कन्नडमध्ये म्हणाले, "बघा, लिहिलं मी, आणि शिकवतेय ही मला." ते प्रेमानंच म्हणाले असतील, पण लोक खो खो हसले. माझे कान तापले. तुम्ही उठलात, माझा दंड धरलात आणि आपण मांडवाबाहेर. मागं गाणं पुन्हा सुरू झालेलं ऐकू येत होतं. चौथं कडवं लागलं तेव्हा आपण कोपऱ्यावर होतो. रिक्षांच्या आवाजात ते विरून गेलं.

कोपऱ्यावर तुम्ही भाजक्या शेंगा घेतल्यात. पुडी माझ्या हातात दिलीत. बराच वेळ चाललो. मग तुम्ही म्हणालात, "ओळ बरोबर उचललीस. सुरात होती."

पुडी मी न उघडता तशीच मुठीत धरून चालले.

"पण देवळात ओळ सगळ्यांची असते. इथं ती त्याची होती. स्वतःची वस्तू शोधणाऱ्याला स्वल्प वेळ द्यायचा. लगेच हातात आणून द्यायची नाही."

"मग शेवटपर्यंत थांबायचं तरी होतं! तुम्ही अर्ध्यातच उठलात."

"लोक हसत होते तुला," तुम्ही म्हणालात, आणि एक शेंग फोडून दाणे मला दिलेत. त्या वेळी मला वाटलं, माझ्यामुळं तुम्हाला लाज वाटली. लोक माझ्यावर हसलेले तुम्हाला बघवलं नाही, एवढं साधं मला मुलं झाल्यावर कळलं.

पुढच्या शुक्रवारच्या आत दुकानातला, तुम्ही फक्त बातम्यांना लावायचात तो रेडिओ वर स्वयंपाकघरात आला. कापडाची धूळ बसून बिघडतोय, असं कारण. त्याला तुम्ही खोळ शिवली होती, तुमच्याच जुन्या निळ्या शर्टाची, आणि पुढं आवाजाच्या जाळीवर बरोबर बटणपट्टी आणली होती. गाणं ऐकायचं तर तुमच्या शर्टाची बटणं सोडायला लागायची. आई म्हणाली, "घ्या, आता रेडिओलाही थंडी वाजायची नाही." तुम्ही हसला नाहीत. शुक्रवारी त्यांचा आवाज सुरू झाला की "एक ट्रायल द्यायचीय" म्हणून खाली जायचात. मी जिन्यावरून हाक मारायची, "अण्णा, आज शर्टाचं आहे." खालून उत्तर, "कॉलर आली की सांग." अशीच वर्षं गेली. मग माझं लग्न झालं, मग तुम्ही गेलात. शेवटचं कडवं तुम्ही ऐकलं नाहीत ते नाहीच.

आता कालचं. मुलगा देवनहळ्ळीकडच्या नव्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, राहतो. तिथल्या लोकांनी कार्यक्रम ठेवला होता. सून पुण्याची, कॉम्प्युटरवाली, तोंडाची गोड. ती कॅबनं मला न्यायला आली. वाटेत मी तिला मांडवाची सगळी गोष्ट सांगितली. सुई, ओळ, शेंगा, सगळं. ती म्हणाली, "वॉव आई, आजोबा म्हणजे भारीच होते." मी म्हटलं, भारी नव्हते, हट्टी होते.

त्यांचा आवाज आता जुन्या मलमलीसारखा झालाय, पलीकडचं दिसावं इतका विरलेला. तरी पहिलं कडवं धरलं, दुसरं धरलं, तिसरं तर एका दमात म्हटलं; मी मनात म्हटलं, शाब्बास. आणि चौथ्याला, मधोमध, थांबले. गिटार फिरत राहिली. पुढची पोरं मोबाइल उंच धरून तशीच उभी. सुनेनं मला कोपर मारलं. "आई, तुम्हाला पाठ आहे ना? म्हणा ना, हेल्प होईल त्यांना." मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले. शोधत होते. मी बसून राहिले. मग त्यांनी उरलेली ओळ नुसती गुणगुणून पुरी केली, शब्दांशिवाय, आणि हात थांबवला. लोकांना वाटलं, गाणं असंच संपतं. टाळ्या पडल्या.

मला घरी पोचवताना कॅबमध्ये सून म्हणाली, "आई, किती ग्रेसफुली गप्प बसलात तुम्ही. आजोबांना बरं वाटलं असतं." मी हूं म्हटलं.

तुम्ही उठून आलात तिथून पुढचं सांगते, अण्णा. तिसऱ्या कडव्यात शर्ट धाकट्यालाही आखूड होतो. चौथ्यात आई तो फाडून गोधडीला लावते. आणि खूप वर्षांनी, थोरला भाऊ म्हातारा होऊन आजारी पडतो, थंडी वाजते, तेव्हा त्याच्या अंगावर तीच गोधडी येते. अंधारात त्याचा हात फिरतो आणि एका तुकड्यावर थांबतो. ओळखीचा. उलटून लावलेली कॉलर. टाक्यांवरून कळतं त्याला. संपलं गाणं.

तुम्ही म्हणाल, मग कॉलर होती तर! नव्हती. ती मी घातली. तुम्ही गेल्यावर त्या वर्षी कधीतरी, पोराला मांडीवर झोपवताना, तोंडातून तशी आली आणि मग तशीच राहिली. मुलगा हेच खरं गाणं समजून मोठा झाला. हे पत्र टाकायला काही पेटी नाही, घडी करून तुमच्या फोटोमागंही ठेवणार नाही. पण सुनेला सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगते. काल मी त्यांना वेळ दिला वगैरे काही नाही. ते शोधत होते तेव्हा मीही शोधत होते. म्हाताऱ्याचा हात गोधडीत कशावर थांबतो? खिसा होता, काज होतं, का बाही? काही केल्या आठवेना. जिभेवर येत होती ती तुमची कॉलर.

सून रात्री माझ्याकडंच राहिली. आज सकाळी म्हणाली, "आई, मी फोनवर शोधते ना, एका मिनिटात ओरिजिनल लिरिक्स मिळतील." मी म्हटलं, राहू दे गं, आधी चहा घे. दुपारी तिनं पुन्हा विचारलं. तेव्हाही राहू देच म्हटलं.