उजव्या डोळ्याची कडी

मंगळवार, ११ नोव्हेंबर

प्रिय श्यालकराव,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. पाकिटावर लिफ्टच्या वंगणाचा अंगठा उमटला होता, त्यामुळे मागचं नाव वाचायची गरज पडली नाही. मी बरा आहे. गुडघा आपल्या जागी आहे, त्याच्या तक्रारीही. कॉलेजात यंदा संस्कृतला चार विद्यार्थी आले. त्यातले दोघे वर्ग चुकून आलेत आणि आता भिडेपोटी उठत नाहीत. स्वयंपाक मी स्वतःच करतो आणि खातोही मीच. यातलं दुसरं काम जास्त शौर्याचं. तुझी बायको लिहिते की, दाजींना इकडे येऊन राहायला सांगा. तिला म्हणावं, मी बिनभाड्याचा पाहुणा फार वाईट असतो, जेवताना व्युत्पत्त्या सांगतो.

तर दुर्बीण. तू विचारतोस, "दाजी, खिशात मावेल अशी, पण सगळ्यात ताकदवान कोणती घेऊ? बारापटीची मिळते म्हणे."

बारापटीची घेऊ नकोस. ती चित्र बारापट मोठं करते, तशी हाताची थरथरही. तू दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळत नट आवळणारा माणूस, तुझा हात स्थिर आहे हे मान्य. पण डोंगर चढून धापा टाकणाऱ्याचा हात त्याचा स्वतःचा नसतो. आठपट बास. दुर्बिणीवर दोन आकडे असतात. पहिला किती पट हे सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागायचं आणि उत्तर तीनच्या आसपास यायला हवं. म्हणजे आठ आणि पंचवीस. उत्तर दोनावर घसरलं की संध्याकाळी सगळं काळवंडतं.

दुपारी दुकानात जाऊ नकोस. दुपारी सगळ्याच दुर्बिणी गुणी असतात, लग्नाच्या बाजारातल्या स्थळांसारख्या. दिवे लागायच्या वेळेला जा, दुकानदाराला विचारून दाराबाहेर उभा राहा आणि समोरच्या टाकीवरचे बोल्ट मोज. जिच्यातून मोजता येतील ती आपली. घडी होऊन शर्टाच्या खिशात जाते का, ते बघ. पाणी आत शिरणार नाही अशी घे. तुला चष्मा नाही, तेव्हा डोळ्याजवळच्या रबरी वाट्या वर ओढून वापर.

उजव्या डोळ्याजवळ एक कडी असते. तिच्याविषयी पुढे लिहितो.

तुझ्या पत्रातला दुसरा भाग असा आहे: "शोधपथकाच्या कप्तानांनी मला कड्यावरचा टेहळ्या व्हायला सांगितलंय. मी म्हटलं, दोर ओढीन, स्ट्रेचर वाहीन, पण बघायचं काम मला देऊ नका. ते म्हणाले, रविवारपर्यंत विचार करून सांग. तिसऱ्या डॉक्टरकडूनही डोळे तपासून घेतले. तोही म्हणतो, काही दोष नाही. मग तर आणखीनच वाईट, नाही का? माझ्या नजरेचा काय भरवसा, ते तुम्हाला माहीतच आहे, दाजी. म्हणून जबर दुर्बीण हवी."

तुम्हाला माहीतच आहे. हे तीन शब्द मी पुष्कळदा वाचले. चहा टाकून येतो.

बुधवार

चहा टाकून आलो नाही, हे वरच्या वारावरून तुझ्या लक्षात आलंच असेल.

कडीचं असं असतं. माणसाचे दोन डोळे सहसा तंतोतंत सारखे नसतात. म्हणून मधल्या चाकाने डावा डोळा जुळवायचा आणि त्या कडीने उजवा. ज्याची दुर्बीण, त्याच्या डोळ्यापुरती ती कडी बसते. माझा उजवा डोळा डाव्याच्या मानाने फारच मंद, आणि आमच्या छोट्या दुर्बिणीला चष्मा लावून बघणं जमत नसे. म्हणून चष्मा काढून कडी पार टोकाला फिरवावी लागे. तुझ्या ताईचे डोळे तुझ्यासारखे, स्वच्छ. ती दुर्बीण हातात घेई आणि कडी मधोमध आणी. मग माझ्या हातात आली की मला अर्धं जग धुक्यात.

"पुन्हा फिरवलीस?"

"मला दोन्ही डोळ्यांनी बघायची हौस आहे, पंडित."

"मी जुळवेपर्यंत पाखरू उडून जातं."

"मग पाखरांना आधी पत्र टाकत जा. सविनय, की पंडित येत आहेत, कृपया बसून राहावे."

अशी आमची वर्षभर कुरबुर. आपल्या तिघांच्या त्या डोंगरावरच्या सहलीच्या आधीच्या आठवड्यात मी त्या कडीवर काळी चिकटपट्टी गुंडाळली. दोन वेढे. तू आमच्या घंटीची वायर जोडून गेलास तेव्हा जी गुंडाळी विसरला होतास, तीच. आणि वर म्हटलं, "आता फिरव बघू."

तिने नखाने उचकटून बघितली. हसली. दुर्बीण टेबलावर ठेवून म्हणाली, "राहू द्या तुम्हालाच. मी आपली जवळ जाऊन बघेन."

त्या दिवशी ती वाट सोडून खाली का उतरली, हे लोकांनी आपल्याला खूप विचारलं आणि आपण दोघंही म्हणालो, काही कल्पना नाही. तुला खरंच नव्हती.

पुढचं तुलाही पाठ आहे, पण माझ्या बाजूने एकदा वाच. ती परत येईना, हाकेला ओ देईना. माझ्या गुडघ्याला चढ जमणार नव्हता. म्हणून मी वनचौकीकडे निघालो आणि तुला कड्यावर पाठवलं. वळणावर माझ्या गळ्यातली दुर्बीण काढून तुझ्या गळ्यात घातली. घालताना माझा अंगठा पट्टीवर होता. पट्टी काढ आणि कडी तुझ्या डोळ्याला जुळव, एवढं सांगायला दोन श्वास लागले असते. त्या गडबडीत मला ते आठवलंच नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. आठवलं होतं. वाटलं, आता कुठे समजावत बसू.

तू वरून ओरडलास, "पलीकडच्या उतारावर कोणी नाही!" चौकीतली माणसं ओढ्याकडे वळली. उजेड अजून तासभर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पलीकडच्याच उतारावर सापडली, निळ्या जाकिटात. पाय मोडला होता, बाकी घाव नव्हता. डॉक्टर आपल्या दोघांसमोर म्हणाले, थंडीने गेल्या, पहाटेपर्यंत जिवंत असाव्यात.

तू तेव्हा मला म्हणालास, "दाजी, मला धुकट दिसत होतं. रडत होतो ना. डोळ्यांत पाणी होतं."

पाण्याने नव्हे. तुझ्या उजव्या डोळ्यापुढे माझा नंबर होता.

तिसऱ्या दिवशी, घरात माणसं असताना, मी न्हाणीघराला कडी लावून ती पट्टी काढली. डिंक चिकटून राहिला होता, तो कापसाने आणि स्पिरिटने पुसला. मग कडी मधोमध आणून ठेवली. एवढ्या नीटसपणे मी आयुष्यात कुठलं काम केलं नसेल.

दहाबारा दिवसांनी तू आलास. विचारलंस, "दाजी, त्या दुर्बिणीत काही बिघाड आहे का हो?"

मी म्हटलं, "तूच बघ."

तू खिडकीशी उभा राहून समोरच्या गच्चीकडे पाहिलंस. मेकॅनिकच तू, दोनदा चाक फिरवून खात्री केलीस. "दोरीवरचे चिमटेसुद्धा मोजता येतायत," म्हणालास. "म्हणजे दुर्बीण ठीक आहे. म्हणजे मीच." आणि खाली फरशीवर बसलास.

मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ दे. मी तुला कधी बोल लावणार नाही." बाहेरच्या खोलीत तुझी आत्या कोणाला तरी म्हणाली, देवमाणूस आहे. मी ते ऐकलं. मला ते आवडलंही.

वीस वर्षं मी मुलांना शिकवतो की, जमिनीवर घडा दिसत नाही म्हणून घडा नाहीच, असं केव्हा म्हणावं? उजेड असेल, डोळा धड असेल, मध्ये आडकाठी नसेल, आणि घडा असता तर दिसलाच असता अशी खात्री असेल, तेव्हाच. परीक्षेत हा प्रश्न हमखास असतो. उत्तरात आडकाठीचा उल्लेख नसेल तर मी अर्धे गुण कापतो.

दोन वर्षं तू डोळ्यांचे डॉक्टर पालथे घालतो आहेस आणि मी तुला "काळजी घे" असं लिहितो आहे.

या पत्राच्या आजच्या तारखेच्या पानांची नक्कल मी तुझ्या कप्तानांनाही आजच पाठवली आहे. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तू हे वाचून माझी अब्रू झाकायला फाडून टाकशील आणि रविवारी जाऊन सांगशील, मला जमणार नाही. ती सोय मी ठेवलेली नाही. ते विचारतील तेव्हा हो म्हण. कड्यावर उभा राहा. दुर्बीण कोणाचीही असो, आधी उजवा डोळा मीट, चाक फिरवून डावा स्वच्छ कर. मग डावा मीट आणि कडी फिरवून उजवा. अर्धं मिनिट लागतं. कोणी कितीही घाई करो, ते अर्धं मिनिट घे. आणि पलीकडे कोणी नाही असं दिसलं, तर तसं ओरडून सांग, तुझ्यावर विश्वास ठेवून लोक वळतील.

तुझ्याकडे क्षमा मागत नाही. ती तू लगेच देशील, आणि मला ती इतक्या स्वस्तात नको आहे. उलट एक परत मागतो. त्या दिवशी फरशीवर बसलेल्या तुला मी मोठ्या मनाने क्षमा केली होती. ती माझी द्यायची नव्हती, आणि तुला घ्यायची गरज नव्हती. ती मी आज परत घेतो.

तुझ्या ताईचा नवरा