डांबराखालची फळी

८ नोव्हेंबर

ऐन पाण्यात त्यानं वल्हं थांबवलं. डोंगा आडवा झाला आणि हळूहळू खाली वाहू लागला. दोन्ही काठ सारखेच लांब.

"मॅडम, तुमच्या पुस्तकातला तो भाऊ, मीच का जी?"

नाही म्हटलं. कादंबरी आहे, गणपत. सगळं मनचं.

"मनचं आहे तं डांबराचं कसं मालूम झालं?"

डोंग्यात आम्ही दोघंच. कोंढ्याच्या बाजारातून परतलेली सातआठ माणसं घाटावर उभी होती. त्यानं हाक दिली तरी कुणी चढलं नाही. मच्छीमार सोसायटीचा डोंगा येऊन राहिला म्हणाली. तो कधी येईल त्याचा नेम नाही, तरी थांबली.

मी म्हटलं, चल आता, ऊन लागतंय. त्यानं वल्हं पुन्हा पाण्यात घातलं तेव्हा बरं वाटलं. बरं वाटलं हे लिहून ठेवते.

संध्याकाळ. सरजाबाईकडेच उतरले, नेहमीसारखी. देवाजीची बायको, गणपतची वहिनी. देवाजी दोन वर्षांमागं चैतात याच डोंग्यातून बुडाला, या टोलीच्या वस्तीभोवती धरणाचं पाणी आल्यानंतरचा पहिलाच. मी त्या आठवड्यात इथेच होते, दुसरी कादंबरी संपवत. इथे कुणी बुडालं की त्याचा डोंगा काठावर पालथा घालतात. तेरवीपर्यंत हात लावायचा नाही. ते पालथं, उघडं पोट बघितलं आणि तिसरी कादंबरी तिथेच सुचली. धाकटा भाऊ तळाची फळी सैल करतो. थोरला बुडतो. मग तेरवीच्या आत डांबर फासून भाऊ ती झाकतो, आणि बेटावर येणाऱ्या सिंधू नर्सला, माझ्या नेहमीच्या नायिकेला, वास येतो. बस. सगळं कोडं एका वासावर.

बरं जमलं होतं.

बचत गटाच्या बायकांनी ती उन्हाळाभर मोठ्यानं वाचली म्हणे. वाचता वाचता कुणाला तरी आठवलं, गणपतनं त्या पालथ्या डोंग्याला डांबर खरंच फासलं होतं. तेरवीच्या आत. तेव्हापासून त्याच्या डोंग्यात कुणी बसत नाही. फक्त सरजाबाई.

तिनं जेवायला वाढलं. भात, झिंगे. हात धुताना म्हणाली, "तुमची नर्स लय हुशार हो. आमची तं सुई टोचाले बी भेते."

९ नोव्हेंबर

ग. घाटावर जाळं झटकत होता. स्वतःच बोलला.

"फासलं ना. नाई कोन म्हनते? चैताचं ऊन, डोंगा पालथा. फळ्या तडकून गेल्या असत्या. मंग वयनीनं अन् मी खाचं काय?"

कुणाला सांगितलं होतंस?

"हात लावाचाच नसते, तं सांगन कसा?"

पटण्यासारखं आहे. जरा जास्तच. मी लिहिला असता तर गुन्हेगाराच्या तोंडी हेच दिलं असतं.

दुपारभर एकच. डांबर मी कल्पिलं, की त्या आठवड्यात वास आला होता? आठवायला बसलं की कादंबरीतलं वाक्यच आठवतं. वाक्य चांगलं आहे. म्हणूनच त्याच्यावर भरवसा नाही.

१० नोव्हेंबर

रेंजसाठी शाळेमागच्या टेकाडावर. प्रकाशकांचा फोन. चौथ्या भागाचं काय? दोन प्रकरणं झालीत म्हटलं. मग इथलं सांगितलं, सांगायला नको होतं.

"म्हणजे खरं निघालं? हे मागच्या कव्हरवर घेऊ."

माणूस मेलाय, म्हटलं.

"तेच तर म्हणतोय."

मी फोन ठेवला. रेंज गेली असं त्यांना वाटलं असेल.

परतताना घाटावर कुणी नव्हतं. ग. जेवायला गेलेला. त्याच्या डोंग्यात उतरले, आतलं पाणी डबीनं उपसून तळ बघितला. डांबर बाहेरून, आतून लाकूड उघडं आहे. डावीकडची एक फळी बाकीच्यांपेक्षा उजळ. की ऊन नेमकं तिथे पडत होतं. हात फिरवला. गुळगुळीत. सगळ्याच गुळगुळीत.

मान वर केली तर सरजाबाई काठावर घागर घेऊन उभी. घागर भरून ती घराकडे वळली. 

११ नोव्हेंबर

पलीकडे मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. सगळी टोली नटून घाटावर, पोरांच्या केसांना तेल, बायकांची नवी लुगडी. ग.नं डोंगा धुतला होता. डोंग्याच्या नाकाला झेंडूची माळ. वल्हं हातात धरून उभा, नवरदेवासारखा.

कुणी नाही. एक म्हातारी बिचारी चढायला निघाली, सुनेनं दंड धरून मागे ओढली.

"अवं आत्याबाई, त्याच्यात बसशीन तं पुढच्या पुस्तकात निघशीन!"

हसू उसळलं. ग.ही हसला. म्हातारी म्हणाली, "निघाली तं निघाली, फोटो तं येईन." आणखी हसू. पण चढली नाही.

सोसायटीच्या डोंग्यानं तीन खेपा केल्या. ग. रिकामाच पलीकडे गेला, रिकामाच परत आला.

मी काठावर होते. तो माझ्यापाशी थांबला तेव्हा म्हटलं, मला मंडईतलं दंडारीचं नाटक बघायचं नाही, डोकं दुखतंय. डोकं दुखत नव्हतं.

१२ नोव्हेंबर

पोलीस पाटलांच्या ओट्यावर बैठक. ग. स्वतः उभा राहिला. मी उतरवून घेतलं नाही, पण जवळजवळ असं:

"उद्या सकाळी डोंगा पालथा करतो. सगळ्याईच्या समोर डांबर खरडतो. फळी जुनी अन् सलग निघाली, तं माह्या डोंग्यात बसाचं. जोड निघाला, तं मी टोली सोडतो. बोला."

कुणी बोललं नाही. म्हणजे ठरलं.

पाटील माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी बी राहा उद्या. तुमाले पारख आहे."

मला! सागाची फळी आणि आंब्याची फळी ओळखता येत नाही मला. बैठकीत सगळे माझ्याकडे बघत होते. आदरानं नव्हे. ही आणखी काय काय जाणते, असं.

ग. एवढं बिनधास्त का म्हणाला? खाली काही नाही म्हणून. किंवा कुणी अडवेल या भरवशावर. कुणी अडवलं नाही तेव्हा त्याचा चेहरा... बघायचा राहिला. मी पाटलांकडे बघत होते.

दिवेलागण. सरजाबाई चुलीपाशी. डोंग्यात अर्धा हिस्सा देवाजीचा, म्हणजे आता तिचा. मासळी विकायला ती रोज ग.सोबतच पार जाते.

"जोड निघाला तं?"

तर खरं काय ते कळेल, म्हटलं.

"देवाजीनं बी मारला असन जोड. ठोकाठोकी त्याचीच राहे. कोनं मारला हे डांबर थोडी सांगते?" मग म्हणाली, "एक गेला. हा बी गेला तं मले पार कोन नेईन? तुमची नर्स?"

तुम्हाला त्याचा संशय नाही?

"आहे ना."

इतकं सहज म्हणाली की मला वाटलं दुसऱ्याच कशाबद्दल.

"तुमच्या पुस्तकाच्या आधीपासून आहे. तरी बसतो मी त्याच्या डोंग्यात. रोज बसतो. तो वल्हवते, मी त्याच्या हाताकडं पाहतो. त्याले बी मालूम आहे."

मग इतके दिवस...

"काय करू? पोहून जाऊ?"

मी शेवटी विचारलं. तेरवीच्या आधी, त्या आठवड्यात, तुम्हाला डांबराचा वास आला होता का?

तिनं विस्तव सारला. "तुमी याच घरात होत्या ना मॅडम. तुमाले नाई आला?"

१३ नोव्हेंबर

सकाळी सगळी टोली घाटावर. पाटील खरडायला पातं घेऊन आले होते. डोंगा नव्हता. खुंट्याला दोरी होती, कापलेली नाही, गाठ सोडून काढलेली. खालच्या अंगाला नजर जाईल तिथवर नुसतं पाणी. गणपत काठावर बसला होता, कपडे कोरडे. कुणी म्हणालं, यानंच सोडला.  सरजाबाईच्या अंगणात लुगडं ओलं होतं. ती रोज पहाटे नदीवरच आंघोळ करते. नऊ वाजता मी सोसायटीच्या डोंग्यानं पार झाले. डोंगा भरलेला होता. माझ्या फळीवर कुणी बसलं नाही.