जीपचा गोळा, ट्रेलरची टोपी

२४ ऑगस्ट, रवि.
दुपारी हे झोपेत गिअर टाकत होते. डावा हात गादीवर पुढे-मागे, आणि तोंडाने गावं. "बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत, खोपोली, पेण…" पेणला येऊन थांबले. नेहमी तिथेच थांबतात. पुढचं मी शेजारी पडल्या पडल्या मनात म्हणते. पेणच्या पुढे समुद्र.
लग्न झाल्यापासून ऐकतेय, "पुढच्या खेपेला तुला नेतो." ट्रक गेला, मग उजवा पाय गुडघ्याखाली गेला, ती खेप काही आली नाही. दोन पावसाळे दवाखाना सोडून उंबरठा ओलांडलेला नाही. लोक बघतात म्हणे. बघेनात का!
ठरवलं. आता मीच नेणार.

२६ ऑगस्ट, मंगळ.
अडचण खुर्चीची. लेकीने पुण्याहून पाठवलेली बॅटरीची खुर्ची जीपमध्ये मावत नाही आणि माझ्याच्याने उचलत नाही. कुबड्यांवर हे दाराशी येतात, त्याच्या पुढे नाही.
आज आनंदनगरला कंपनीत कॅन्टीनवाले दादा आपणहून म्हणाले, "माझा छोटा ट्रेलर पडून आहे, ताई. पासिंगचा आहे. वापरा, नुसता गंजतोय." कपलर तेवढा मोडलाय. ट्रेलरच्या तोंडाला असते ती लोखंडी टोपी, जीपच्या मागच्या गोळ्यावर बसणारी.
दिवसभर पट्ट्यावरून औषधाच्या गोळ्यांची पाकिटं सरकत होती आणि मी रस्ता बघत होते. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, कुठे हरवलात?" खोपोलीत होते. त्याला काय सांगणार.
घरी बोलले.
"म्हणजे मला मागे घालून नेणार? मी काय सामान आहे?"
"तुम्ही पुढे. खुर्ची मागे."
"आणि गाडी कोण चालवणार?"
"मी."
यावर जे हसले! लागलं मला ते हसणं. लायसन्स काढून वर्ष झालं, पण भाजी आणण्यापलीकडे माझ्यावर भरवसा नाही.

१३ सप्टें., शनि.
उल्हासनगर, कॅम्प ५. स्पेअर पार्टवाल्या शेठच्या दुकानात कपलर असे लटकवलेत, जशा मटणवाल्याकडे… जाऊ दे. शेठ सिंधी, मला अदी म्हणतात. अदी म्हणजे ताई.
"देखो अदी, गोळा किती एमएमचा आहे?"
मोजूनच नेला होता. पन्नास.
"तो पचास का ही लेना. दो इंचवाला भी बैठेगा, मगर ढीला. ढीला मतलब रस्ते में टाटा-बाय-बाय."
दोन पसंत पडले. एक पत्र्याचा, हलका, चकचकीत. एक बिडाचा, जड, काळा, कुरूप. हातात धरून बराच वेळ उभी राहिले. जड घेतला. शेठ म्हणाले बिडाला वेल्डिंग धरत नाही, नट-बोल्टनेच बसवा. आणि लॉक झालं की हाताने उचलून बघायचं. "गाडी का पिछवाडा साथ में उठना चाहिए. नहीं उठा तो लॉक नहीं है, चाहे जितना टक-टक बोले."
कपलर मांडीवर घेऊन रिक्षाने घरी. रिक्षा हलत होती, मला लाटा वाटत होत्या. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं.

२१ सप्टें., रवि.
ट्रेलर टेम्पोत घालून चामटोलीला बबनच्या शेडमध्ये टाकला. बबनचा जन्म ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडण्यात गेला. नट-बोल्ट म्हटल्यावर तोंड वाकडं.
"वयनी, येल्डिंग मारतो. मेला तरी सुटनार नाय."
"मला ते सुटायला हवंय, बबनभाऊ. उद्या बदलायचं झालं तर?"
"बदलाचा कशाला, पन?"
शेवटी कबूल झाला. दसऱ्याला घेऊन जा म्हणाला, चांगला दिवस.
ह्यांना विचारलं, याल ना? "बबनच्या शेडपर्यंत येईन. तिथून परत. मग माझं डोकं खायचं नाही." तेवढं तर तेवढं. पण तिथेच बिनसलं, तर हे पुन्हा बाहेर पडायचे नाहीत. ते ठाऊक आहे मला.

२ ऑक्टो., गुरु.
धम्मचक्र दिन. सकाळी विहारात वंदना, तशीच पांढऱ्या साडीत जीप घेऊन एकटी चामटोलीला. शेड झेंडूने भरलेली. वेल्डिंग मशीन, हातोडे, पाने, सगळं धुऊन हळदीकुंकू लावून मांडलेलं. आमचा ट्रेलरही पूजेत. आणि कपलर रुपेरी! रंगाचे तीन हात, आतून-बाहेरून.
"लोखंडाला सनाला नागडा ठेवाचा नाय, वयनी," बबन खुशीत.
गोळ्यावर टोपी ठेवली. टक् वाजलं. पण लॉकची दांडी पूर्ण खाली आली नाही. "नवीन हाय, घासून बसंल." मी दोन हातांनी उचलून पाहिलं आणि कपलर गोळ्यावरून अलगद सुटून हातात आला. आतला रंग एवढा जाड की लॉकची जीभच गोळ्याखाली अडकत नव्हती.
रंग खरवडून दे म्हटलं तर म्हणाला, "आज हत्यार उचलाचा नाय." पाना दे, मी खोलते. तोही नाही, पूजेतला. मग जीपमधला पाना काढला. तो आमचा, त्याला कुणी हळद लावली नव्हती. चार बोल्ट खोलले. पांढऱ्या साडीला काळे डाग. बबनने जाताना सोनं हातात दिलं, आणि मान खाली घालून म्हणाला, "चुकला माझा."
सुटायला हवंय म्हटलं होतं ते बरं झालं.

३ ऑक्टो., शुक्र.
मला वाटलं, हे म्हणतील, झालं ना समाधान? सोड आता. म्हणाले नाहीत. कपलर मागून घेतला, आत बोट फिरवलं.
"कोणत्या गाढवाने रंगवलं हे?"
थिनर, चिंधी, पॉलिश पेपर मागितला. मी कामावर निघाले तेव्हा हे पलंगावर बसून घासत होते. संध्याकाळी आले तर पलंग रिकामा. मागच्या दारी नाही, मोरीत नाही. बाहेर बघते तर गल्लीत, खुर्चीत, मांडीवर कपलर.
"आत उजेड नाही," म्हणाले. वर न बघता.
समोरच्या काकू बघत होत्या. शेजारचे बघत होते. ह्यांना पत्ता नाही. मी पण काही दाखवलं नाही. आत जाऊन चहा टाकला आणि रडले थोडी. आनंदानेच.

५ ऑक्टो., रवि.
एकटीच जाऊन बसवून आणला. बबनने बोल्ट आवळले, मी ग्रीस लावलं. दांडी पार खाली. उचललं तर जीपचा पार्श्वभाग वर! बबनने टाळी वाजवली.
येताना सावकाश. मागे ट्रेलर आहे हे विसरायला होत होतं, मग आरशात दिसायचा, येतोय आपला मागून.

१२ ऑक्टो., रवि.
नेरळ. रस्त्याच्या कडेला, स्टिअरिंगवर वही ठेवून.
ठरल्याप्रमाणे बबनच्या शेडपर्यंत आलो. फळीवरून खुर्ची उतरवली, हे बसले, बबनशी ट्रकच्या गप्पा, चहा. मग परत निघायचं. रिव्हर्स घेतला तर ट्रेलर भलतीकडेच. डावीकडे वळवावं तर उजवीकडे पळतो. दुसऱ्यांदा घेतला, गटाराच्या काठाशी. आता हसणार हे, मला वाटलं.
"सोड," म्हणाले. "सरळ घे. वांगणीला वळायला जागा आहे."
वांगणीला म्हणाले, इथे गर्दी आहे. शेलूला म्हणाले, उतार आहे. नेरळला मीच थांबवली, ट्रेलरची साखळी बघायला. ह्यांना खुर्ची हवी होती. उतरवून दिली. स्वतः मागे गेले, लॉकची दांडी दाबून पाहिली, गोळ्याला बोट लावलं, बोटाचं ग्रीस पँटला पुसलं.
"परत फिरायचं?" मी विचारलं.
"कर्जतला मोठा चौक आहे. तिथे बघू."
जागा वांगणीला होती. चांगली ऐसपैस, मैदानासारखी. मला दिसली, म्हणजे ह्यांनाही दिसली असणार.
टाकी निम्मी आहे. हे हाक मारतायत.