दवणा कोणता ते सांगणाऱ्यास मागचा वाफा

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, मॅट्रिक पास, पूजा आटोपून, चष्मा लावून, कुणी भरीस न घालता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे, कारण वन्सं शंका काढणारच.

१. राहते घर मुलाला.

२. शिवणयंत्र आणि देवघरातली भांडी सुनेला. यंत्राला महिन्यातून दोनच थेंब तेल. तीन नको.

३. मागचा वाफा. तो शेजारच्या वन्संच्या घराच्या भिंतीला लागून आहे. तिथून दार काढायला त्या कधीच्या टपून बसल्या आहेत.

माझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. वन्सं बोट दाखवून म्हणाल्या, "वहिनी, हा नागदवणा माजलाय. आईने उपटायला सांगितलंय." माझ्या माहेरी कुंडीसुद्धा नव्हती. मी अख्खा वाफा मुळासकट उपटला. तो देवाचा दवणा निघाला.

"डोळे फुटले का गं तुझे?" सासूबाई कडाडल्या.

वन्सं म्हणाल्या, "दोन्ही सारखेच दिसतात, आई. मला तरी कुठे ओळखता येतात?"

पुढे अकरा वर्षे, सासूबाई होत्या तोवर, मला देवाच्या फुलांना हात लावू दिला नाही.

दवण्याचे पान दोन्ही अंगांनी रुपेरी, बारीक चिरलेले, वास गोड. नागदवण्याचे वरून हिरवे, फक्त पालथ्या अंगाने रुपेरी, चोळले की कडवट. सारखे आहे ते अर्धे नाव. रोज आईसाठी दवणा खुडणाऱ्या मुलीला हे ठाऊक नव्हते?

सबब, माझ्यामागे दवण्याच्या पहिल्या हंगामात सर्व नातेवाइकांसमोर हे मृत्युपत्र मोठ्याने वाचून दोन्हींची एकेक ताजी डहाळी वन्संच्या हाती द्यावी. दवणा ओळखला, तर वाफा त्यांचा. चुकल्या किंवा गप्प बसल्या, तर वाफा कोपऱ्यावरच्या रोपवाल्याचा. तो भिंतीलगत शेणखताचा ढीग घालणार आहे, तसे बोलणे झाले आहे.

मुलगा म्हणतो, "आई, आत्याला आता कशाला छळतेस?"

छळ कसला? ओळखता येत नसेल, तर खुशाल चुकावे. ओळखला, तर वाफा मनापासून दिला. मात्र तेव्हाही ओळखत होत्या, हे सगळ्यांनी ऐकलेले असेल. नवे दार उघडून वन्संना त्या सगळ्यांसमोरच यायचे आहे.

सही (घरची थोरली सून)
ठिकाण: राहते घर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१४

साक्षीदार:
१. घरचे डॉक्टर
२. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका (दोघांनीही पाने हुंगून पाहिली. दोघांनाही पहिल्या खेपेस ओळखता आली.)