प्लेअरचा आर्म आणि ह्यांचा हात

१२ डिसेंबर
आज सकाळीही तेच. ह्यांनी तबकडी लावली, उजव्या हाताने आर्म उचलून सुई टेकवली, आणि ती गाण्याच्या दुसऱ्याच ओळीत अडकली. तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा. हात मागे घेऊन बोटांकडे बघत राहिले. "माझो हात गेलो गो. नीट ठेवूकच येणा नाय."

अर्धांगाचा झटका आल्यापासून सुई टेकवणं ही त्यांची रोजची परीक्षा. पावसाळ्यात पास होत होते. किती खूश असत! मी म्हटलं, "थंडीने आखडतो हात," आणि चहाला आत गेले.

सं. – केसांना लावायला खोबरेलाची बाटली उपडी केली तर थेंब पडेना. आत पांढरा गोळा. तिथेच स्टुलावर बसले. श्रावणात मी कुलपं, बिजागऱ्या, शिवणयंत्र, सगळ्यांना खोबरेल लावलं, दरवर्षीसारखं. मिठबावच्या खाऱ्या हवेत दुसरं काय करणार? त्याच ओघात आर्मच्या सांध्यातही दोन थेंब सोडले होते. पाऊसभर सुरेख फिरला. आता गोठलाय.

म्हणजे ह्यांचा हात नव्हेच.

बाहेर हे फिजिओवाल्या स्नेहाला सांगत होते, हात मागे चाललाय, तू उगाच येतेस. तेव्हाच सांगायला हवं होतं. आधी दुरुस्त करते, मग सांगते, असं म्हटलं मनाशी.

१३ डिसें.
सकाळी आर्म ह्यांच्या हातून निसटून आपटला.

दु. हे झोपल्यावर हेअर ड्रायर लावून तेल पातळ केलं. मग झाडूच्या हिराची काडी घालून सांधा साफ करायला गेले. आतून काहीतरी टपटपलं. बेअरिंगच्या, मोहरीहून बारीक गोळ्या. एकच सापडली. आर्म लुळा पडला.

उठल्यावर त्यांनी पाहिलं. "सकाळी आपाटलो, तेवाच मोडलो आसतलो. सॉरी गो."

मला सॉरी म्हणाले! मी हो म्हटलं नाही. पण नाही तरी कुठे म्हटलं?

१६ डिसें.
कोल्हापूरच्या पाटणकरांना फोन. बँकेतून निवृत्त झाल्यापासून जुने प्लेअर जमवतात, विकतात. प्रचंड बोलतात. फोटो पाठवले होते. "वैनी, मोटर एक नंबर. थाळीच्या खालीच मोटर, पट्ट्याची भानगड नाही. आपल्यामागंही फिरेल ती. आर्म तेवढा गेलाय. केलंय काय त्याला?"

सांगितलं.

"खोबरेल? वैनी, आर्म हाय का अंबाडा?"

हसले मीही. मग म्हटलं, ह्यांना कळू देऊ नका. "माझ्या पोटात ऱ्हातंय बघा," म्हणाले.

दोन आर्म आहेत त्यांच्याकडे. एक जुनाच, ह्याच जातीचा, नागमोडी. जागच्या जागी बसेल. सुई हातानेच टेकवायची. दुसरा नवा, सरळ. बाजूची दांडी खाली केली की सुई आपोआप हळू उतरते. हात कितीही थरथरला तरी चालतं. फक्त लाकडात नवं भोक पाडावं लागेल.

"दादांची तब्येत बघता दुसराच घ्या."

विचार करून सांगते म्हटलं.

१८ डिसें.
शेवंता बांगडे घेऊन आली. टोपली उतरवायच्या आधीच, "काय गो वयनी, भाऊंचो बाजो बंद? बंद झालो म्हणान शेजारी नवस फेडूक गेले की काय?"

हे ओटीवरून, "बाजो नाय, बाजेवालो बिघडलो."

"तुमी? तुमची जीभ बरी चलता मगे! हात पण चलतलो." बांगडे मोजून दिले आणि वर एक टाकला. "ह्यो भाऊंका."

हे हसले. माझ्याच्याने हसवेना.

शाळेत कॅथलिक मुली शनिवारी कन्फेशनला, फादरांपुढे चुका कबूल करायला, जात. आम्ही हिंदू मुली बाहेर गुलमोहराखाली. त्या आत जाताना रडवेल्या, बाहेर आल्या की थेट लंगडी खेळायला. मला फार हेवा वाटे. एकदा सिस्टरना विचारलं, मी गेले तर चालेल का? म्हणाल्या, ज्याचा अपराध केलास, सरळ त्या माणसालाच सांग, चाइल्ड. तेव्हा वाटलं, हे सोपं आहे.

२२ डिसें.
आर्म कुठला घ्यायचा, ते ह्यांनाच विचारलं. दोन्ही समजावून सांगितले.

"दांडीवालो घे. माका आता पांगुळगाडोच होयो."

जहाजावर असताना सिंगापूरहून आणलेला हा प्लेअर. बंदरातून घरापर्यंत मांडीवर घेऊन आले होते. माझ्या अंगठीसाठी पैसे उरले नव्हते. लग्नानंतरच्या त्या पहिल्या सुट्टीत मला हाताला धरून शिकवलं, सुई अशी ठेवायची, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालतात तशी.

दांडीवाला घेतला तर मीच शिक्का मारला, हात गेला म्हणून. जुना घेतला आणि हात खरंच अडखळला तर? तर मग दोष खोबरेलाचाच होता, असं तरी म्हणता येईल का?

स्नेहाला ह्यांनी आजपासून नको सांगितलं.

२३ डिसें.
पाटणकरांना फोन. जुना.

"वैनी, परत विचार करा."

केला म्हटलं. खोटंच.

स्नेहालाही फोन केला. तुझे काका नाही म्हणाले तरी ये. "ते दार उघडणार नाहीत, काकू." दार मी उघडीन म्हटलं.

४ जानेवारी
पाटणकर स्वतःच आले, फोंडाघाट उतरून, बायकोला कुणकेश्वर दाखवायचं निमित्त. आर्म बसवला. समोर हे खुर्चीत. दांडी नाही हे पाहून एवढंच म्हणाले, "जुनोच घेतलंस?" सगळं छान चाललं होतं. सोलकढी झाली. मग काढलेला मोडका आर्म हातात घेऊन पाटणकर ह्यांना म्हणाले, "दादा, वास घेऊन बघा. थंडीत सांध्यात खोबरं झालंय. ह्याला तुम्हीच काय, कुणीही सुई ठेवली असती तरी अडकलीच असती."

आणि जीभ चावली.

ह्यांनी खरंच वास घेतला. हसलेसुद्धा. फाटकापर्यंत सोडायला गेले.

परत आले ते बसले नाहीत. "तुका म्हायत होता?"

"हो."

"कधीपासून?"

"बाटली गोठली तेव्हापासून."

"तेलाचा काय नाय गो. तेल कोणय घालीत. मी रोज म्हणी, हात गेलो, आणि तू चाय आणून दिलंस."

रात्री जेवले नाहीत. मीही नाही.

६ जाने.
बोलतात. मीठ दे, पेपर आला का, एवढंच. प्लेअरवर टॉवेल टाकून ठेवलाय. स्नेहा आली, मी दार उघडलं. ह्यांनी तिच्याकडून व्यायाम करून घेतला निमूट. हात डोक्यापर्यंत गेला. माझ्याकडे पाहिलं नाही.

सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं लिहिणार होते. पण सांगितलं कुठे? पाटणकरांनी सांगितलं.

९ जाने.
सकाळी पोळ्या लाटताना दारात येऊन उभे राहिले. "खरा सांग. माझो हात बरो होतो?"

मला ठाऊक नाही. त्या गोठलेल्या आर्मवरून कुणाचाच हात कळला नसता. हो म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. त्यांना हवंही तेच होतं.

"माहीत नाही मला," म्हटलं. "खरंच माहीत नाही."

ह्यांनी उजवी मूठ एकदा वळून पाहिली. मग, "ह्या बरा सांगलंस," म्हणाले आणि बाहेर गेले.

तवा उतरवून हे लिहिते आहे. टॉवेल काढल्याचं कळलं. बटण खटकलं, थाळी फिरायला लागलीय. उठून बघायला जाणार नाही. सुई अजून टेकलेली नाही.