मोझांबिकची बंद पृष्ठे

३ जानेवारी १९७९
लिस्बनहून कादंबरी आली. मोझांबिकच्या स्वातंत्र्यानंतरची, मूळ पोर्तुगीजमधली. माझ्या प्रबंधाचा सारा भार हिच्यावर. तो मंजूर झाला की विभागातली रीडरची जागा माझीच. दुसरा उमेदवार माधव. तो इंग्रजी भाषांतरे वाचतो. त्याला अभ्यास म्हणणे मला शक्य नाही.
पुस्तकाच्या कडा युरोपीय रीतीने जोडलेल्याच आहेत, वाचकाने कापायच्या. दोन पृष्ठे उघडी, पुढची दोन बंद. कालिंदी म्हणाली, "विळी हाय की घरात. तिच्यावर फणस फोडते मी, ह्ये काय अवघड?"
अशा पत्नीसह संशोधन करणे हे स्वतंत्र तप आहे. हस्तिदंती सुरीच हवी.

९ जानेवारी
फक्रुद्दीन बाइंडरकडे गेलो. म्हणाला, "द्या सर, मशीनखाली घालतो. च्या येईस्तोवर मोकळं." समासही कापले जातील, याचे त्याला काही नाही. पुस्तक छातीशी धरून परतलो. सुरीसाठी मुंबईला लिहिले.

२ फेब्रुवारी
सुरी नाही. तोवर उघडी पृष्ठे वाचतो. तात्पुरती सोय.

२० फेब्रुवारी, पहाटे
विलक्षण शोध! पाचव्या पृष्ठावर नायिका बंदरात मासे विकते. आठव्यावर ती विधवा आहे. लग्नाचा उल्लेखच नाही! गुलामीने विखुरलेले मन लेखकाने निवेदनातच उतरवले आहे. प्रबंधाचे नाव बदलले : 'तुटलेले निवेदन'.

२३ फेब्रुवारी
माधव म्हणाला, "भाषांतरात लगीन हाय की! चांगली दोन पानं जेवणावळ हाय." भाषांतरकार पदरची भर घालतात, हे त्याला शांतपणे समजावले.

११ जून
प्रबंध सादर. सुरी आली, प्लॅस्टिकची. परत पाठवली.

४ ऑक्टोबर
तोंडी परीक्षा. सारा विभाग हजर. पणजीहून आलेल्या परीक्षकांनी मूळ पुस्तक मागितले. अभिमानाने दिले. त्यांनी पाचवे पृष्ठ उलटले, थबकले, खिशातला कंगवा काढला आणि पुढची जोडलेली कड सर्वांदेखत सोडवली.
म्हणाले, "सर, लग्न हांगा आसा, ह्या पानार."
मग जेवणावळ पूर्ण वाचून दाखवली. त्यांचे उच्चार चांगले होते. माधव हसला नाही, हे अक्षम्य.

२० डिसेंबर
प्रबंध नव्याने लिहायचा आहे. रीडर : माधव.
दुपारी कालिंदीने उरलेली सगळी पृष्ठे विळीवर मोकळी केली. म्हणाली, "आता तरी वाचा."
कडा दातेरी झाल्या आहेत. अशा प्रतीवर संशोधन होऊ शकत नाही.
लिस्बनहून नवी मागवली.