सहा नंबरवाला कधी आला

बाबा, सहा नंबरच्या लूमवाल्याला तुम्ही कामावर कधी घेतलंत, एवढंच मला विचारायचं होतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की भिंतीवरचा तुमचा फोटोही पिवळा पडला, आणि मी आता हे विचारायला बसलोय. पण दुसऱ्या कोणाला विचारू? आई नाही, हिशेब लिहिणारे मेहताजी नाहीत. त्या वेळच्या माणसांत मी उरलोय आणि तो उरलाय, आणि आमच्या दोघांचं काही जुळत नाही. त्याचा लूम बंद आहे. बाकीचे चालू आहेत, पण तुम्हाला माहीत आहे, शेडमध्ये एक लूम बंद असला की कानाला तेवढाच ऐकू येतो.

झालंय असं, की सरकारने कामगारांचे जुने कायदे मोडून त्यांचे चार केले. त्यांना लेबर कोड म्हणतात. मी घरी येऊन हिला म्हटलं, चार कोड आलेत. ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोणाच्या अंगावर?" मी म्हटलं, माझ्याच. तेव्हा कुठे तिने सूप खाली ठेवलं आणि माझे हात उलटेसुलटे करून पाहिले. हसण्यासारखं आहे, पण मला हसू आलं नाही, कारण मला तरी त्यातलं दुसरं काय कळलं होतं? मानकोलीला गोडाऊनांच्या वस्तीत एका हॉलमध्ये आम्हा मालक लोकांना बोलावलं होतं. कोट घातलेले एक सल्लागार साहेब सांगत होते की कायदे बदलले की मालकाने वेळेत तयारीला लागायचं, नंतर रडायचं नाही. मी उठून विचारलं, तयारी म्हणजे नेमकं काय करायचं? ते म्हणाले, "कागद, काका. जे तोंडी चाललंय ते सगळं कागदावर आणा. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्या. चाळिशी उलटलेल्यांना डॉक्टरकडून तपासून घ्या." कोणीतरी विचारलं, हे आजपासूनच का? ते म्हणाले, कायदा लागू झालाय, काही नियम अजून यायचेत. माझ्या शेजारी कल्याण रोडचा एक लूमवाला बसला होता. तो हळूच म्हणाला, "म्हणजे वरात दारात आली, नवरदेव मागून येतोय." सगळे हसले. मी घरी येईपर्यंत विचार करत होतो की मग वरातीला जेवायला आत्ता वाढायचं की थांबायचं.

तुमच्या वेळी कागद नव्हता. मला आठवतंय, नवीन माणूस शेडच्या दारात उभा राहायचा, तुम्ही त्याचं नाव गाव विचारायचात, त्याची बोटं बघायचात, आणि पसंत पडला तर कपाटातून लूमचा धोटा काढून त्याच्या हातात द्यायचात. झालं. त्याच्यावर तुम्ही काही बोलायचा नाहीत. आणि माणूस काढायचा असला तर तेही बोलायचा नाहीत. तोंडावर सांगायला तुम्हाला जड जायचं. तुम्ही एक चिठ्ठी लिहून मेहताजींकडे द्यायचात, मेहताजी ती त्याला द्यायचे, आणि तो धोटा टेबलावर ठेवून निघून जायचा. शेडमध्ये "उसको चिट्ठी मिली" म्हटलं की दुसरा अर्थच नव्हता. एकदा शाळेच्या फीची चिठ्ठी घेऊन मी शेडमध्ये आलो होतो, तर कांड्या भरणाऱ्या बाया माझ्याकडे बघून हळहळल्या होत्या की घरचा पोरगा असून शेठनी काढला. तुम्ही त्या दिवशी केवढे हसलात. हे मला आठवायला हवं होतं. ऐन वेळी आठवलं नाही.

सूनबाई मानकोलीच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात कामाला आहे. तिथे झाडूवाल्यालासुद्धा गळ्यात कार्ड आणि हातात पत्र असतं. तिने संध्याकाळी बसून आपल्या सगळ्या माणसांची पत्रं टाइप केली. "पप्पा, त्यांना नीट समजावून सांगा हं," ती म्हणाली, "हे त्यांच्या फायद्याचं आहे." मी शेडमध्ये गेलो. लूम धडधडत होते. नेमणूकपत्राला हिंदीत काय म्हणतात ते मला येईना, आणि त्या आवाजात लांब शब्द ओरडणारही कसा? मी हात वर करून ओरडलो, "कल सबको चिट्ठी मिलेगी!" आणि आपण मोठं काम केलं असं समजून चहा प्यायला गेलो. त्याच आठवड्यात डॉक्टरकडे तपासणीला चला असंही मी सांगून बसलो होतो. सहा नंबरवाल्याला आता ऐकू कमी येतं. आयुष्य त्या खडखडाटात गेलं, दुसरं काय होणार? त्याने मनात दोन्ही जोडलं असणार. आधी कान तपासतील, मग चिठ्ठी देतील.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या लूमवर धोटा ठेवलेला होता, पुसून. बाकीच्यांनी पत्रं घेतली, पण अशी घेतली जशी गरम थाळी धरतात. तिघा-चौघांनी विचारलं, "सेठ, हिसाब कब?" मी सुनेला फोन करून तो शब्द विचारला. ती म्हणाली, नियुक्तिपत्र. मग तो शब्द मी प्रत्येक लूमपाशी जाऊन म्हटला, देवळात प्रदक्षिणा घालावी तसा.

मग त्याचं पत्र खिशात घालून बिस्सीवर गेलो. आपले लूमवाले जेवतात ती पूर्वीचीच खानावळ, फक्त आता ती जुन्या मालकिणीची सून चालवते. तो कोपऱ्यात बसला होता, पिशवी बांधून शेजारी ठेवलेली. बिस्सीवाली मला बघून म्हणाली, "सेठ, इनको चिट्ठी दे दी तो हमारी दाल को पानी कौन बोलेगा?" तो हसला नाही. मला म्हणाला, "आओ छोटे सेठ." बाबा, माझे दात पडले तरी तो मला छोटे सेठच म्हणतो. म्हणाला, "बड़े सेठ भी मुँह पे नहीं बोलते थे. आप भी नहीं बोले. अच्छा किया." मी त्याच्या कानाशी वाकून ओरडलो, की ही जायची चिठ्ठी नाही, यायची आहे. "आने की चिट्ठी है, चाचा!" त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मीच बहिरा आहे. "आने की? मैं तो कब का आया हुआ हूँ. आए हुए आदमी को आने की चिट्ठी कौन देता है?"

मी म्हटलं, सरकारने सांगितलंय. तो म्हणाला, पढ़ के सुनाओ. मी पत्र उघडून मराठीतलं हिंदी करत मोठ्याने वाचू लागलो, सगळी बिस्सी ऐकत होती. नाव, काम, पगार कधी, सुट्टी कधी. मग आलं, नोकरीला लागल्याची तारीख. सुनेने ह्याच महिन्याची घातली होती. तिच्याकडे तरी दुसरी कुठून असणार? सही करताना मी ती पाहिली होती, तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. तिथे मोठ्याने वाचताना जीभ अडखळली. त्याने नीट ऐकलं, आणि विचारलं, "और पहले का?"

सल्लागाराला तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, काका, जुनी तारीख सिद्ध करता येते का? नसेल तर आहे ती राहू द्या, नाहीतर नसतं अंगावर येईल. पुढे माणसाचे सगळे हक्क त्याच तारखेपासून धरतात. मी फोन ठेवला. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हणाला, वज्रेश्वरीची जत्रा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला. बड़े सेठने धोटा दिला, अम्माने जत्रेतला खाजा दिला. हे मलाही आठवतंय. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती, आणि त्याला खाजा खाताना ठसका लागला म्हणून तिने तांब्याभर पाणी दिलं होतं. दिवसाबद्दल आमचं भांडण नाही. पण जत्रा दरसाल भरते. साल कोणतं? तो म्हणतो, ज्या पावसाळ्यात शेडचे पत्रे उडाले त्याच्या आधीची जत्रा. त्या पावसाळ्याचं साल सगळ्या गल्लीला पाठ आहे. मला वाटतं, पत्रे उडाले तेव्हा तो आला नव्हता, नंतर आला. तो म्हणतो, पत्रे मी धरले होते, छोटे सेठ, तुम्ही खाटेखाली होता. मला ते खाटेखालचं आठवत नाही. पण मला आजकाल पुष्कळच आठवत नाही. शेवटी तो म्हणाला, "साल लिख के लाओ. फिर आता हूँ." आणि पिशवीची गाठ सोडली नाही.

म्हणून तुम्हाला विचारतोय. कागद आणा, कागद आणा म्हणतात, आणि जो खरा होता तो तुमच्या डोक्यात होता. मी चुकीचं साल लिहिलं तर कायद्यापुढे खोटा पडेन, आणि नाही लिहिलं तर त्याच्यापुढे. यातलं कोणतं मोठं, ते हॉलमध्ये कोणी सांगितलं नाही. सकाळपासून मी तुमच्या फोटोखाली बसून वाट पाहिली, म्हणजे काय पाहिली कोण जाणे. आता ठरवलंय. उद्या त्याचंच साल लिहिणार, पत्रे उडायच्या आधीच्या जत्रेचं. पत्र एका हातात आणि धोटा दुसऱ्या हातात घेऊन बिस्सीवर जाणार. सल्लागार ओरडतील. तुम्ही नको म्हणाला नाहीत, एवढं मी धरून चालतो.

हे लिहून झालं की पाकिटात घालून फोटोमागे ठेवावं असं मनात होतं. पण आता ठेवणार नाही. तुम्ही पाकीट बघाल, आणि पोराने चिठ्ठी दिली असं समजून काही न बोलता निघून जाल. आणि खरं सांगायचं तर बाबा, शेडमधून तुम्ही अजून जावं असं मला वाटत नाही.